कागदावर गवा, भिंतीवर न्यान

वाडा पाडायचा ठरला तेव्हा भांडी, पाटे, जुनी कपाटं यांची वाटणी विनातक्रार झाली. अडलं ते एका शिंगजोडीपाशी.

कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेतलं हे घर. सोप्यातून माजघरात जाणाऱ्या दारावर, शिसवी फळीला ठोकलेली, काळी चकचकीत, मागे वळून बाहेर फिरलेली शिंगं. घरातल्या तीन पिढ्या त्यांना ‘गव्याची शिंगं’ म्हणत आल्या. खंडेनवमीला तलवार, दांडपट्टा आणि नांगराच्या फाळाबरोबर यांनाही हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची. वाडा गेल्यावर नव्या फ्लॅटमध्ये ही कुठे लावायची, इथून विषय निघाला आणि ती लावायची तरी का, इथवर गेला. थोरल्या मुलाला मुंबईच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने चाळीस हजार देऊ केले होते. सूनबाईंचं म्हणणं, आजकाल असल्या वस्तूंवरून केसेस होतात, रात्रीची पंचगंगेत सोडून मोकळं व्हावं. नातू माझा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, आधी सरांना दाखवू.

घरच्यांची परवानगी घेऊन, नावं आणि पेठ वगळून, हे सगळं लिहितो आहे. मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, वकिली केली नाही. त्यामुळे कायद्याचा भाग वाचताना आपापल्या वकिलाला विचारावंच. पण आपल्या भागात अशा शिंगजोड्या किती घरांत आहेत ते मला माहीत आहे, आणि त्यांचं काय करायचं या भीतीने किती जण गप्प बसलेत तेही.

आधी घरातली कथा. आक्का, म्हणजे नातवाची आजी, आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचे सासरे, सगळे त्यांना आबा म्हणत, संस्थानच्या शिकारखान्यात होते. दाजीपूरच्या रानात गव्याची मोठी शिकार झाली, त्यात आबांनी पराक्रम केला, म्हणून ही शिंगं बक्षीस मिळाली, अशी कथा. कोल्हापुरात ही कथा कोणालाही पटेल अशी आहे. इथं चित्ते पाळून काळवीट धरण्याचा शौक होता, चित्त्यांना सांभाळणारे चित्तेवान होते. दाजीपूरचं जंगल छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान. १९५८ साली तिथं अभयारण्य झालं ते गव्यांसाठीच, आणि पुढे १९८५ मध्ये वाढवून ते राधानगरी अभयारण्य म्हणून साडेतीनशे चौरस किलोमीटरवर गेलं. गवा म्हणजे आमच्या जिल्ह्याची ओळख. हल्ली तर तो उसातून चालत शहराच्या वेशीपर्यंत येतो. अशा गावात दारावरच्या काळ्या शिंगांना कोणी गवा म्हणालं तर मान वर करून खात्री कोण करणार?

घरात एक कागदही होता. आक्कांच्या यजमानांनी २००३ साली वनखात्याकडे केलेल्या अर्जाची पोचशिक्का असलेली प्रत. तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: ‘गव्याची शिंगे, जोडी १, वडिलोपार्जित.’

नातवाने मला मोबाइलवर फोटो पाठवला. खालून, समोरून, बल्बच्या उजेडात काढलेला. गवा नाही हे लगेच दिसलं. गव्याची शिंगं कवटीच्या बाजूंनी निघतात, चंद्रकोरीसारखी वर येतात आणि टोकं आत वळतात. ही कपाळावरून एकमेकांच्या जवळून निघून मागे गेलेली होती. सांबर किंवा चितळही नाही, कारण त्यांच्या शिंगांना फाटे असतात, ती भरीव हाडाची असतात आणि ठराविक काळाने गळून पुन्हा उगवतात. ही मात्र पोकळ शिंगं होती, म्हणजे आत हाडाचा गाभा आणि वर आपल्या नखांच्याच द्रव्याचं, केराटिनचं, जाड टरफल. ती जन्मभर वाढतात, गळत नाहीत. गाय, शेळी, मेंढी, काळवीट यांची जात. काळविटाचा पीळ सडसडीत आणि उभा असतो, तोही नव्हता. पृष्ठभाग गुळगुळीत दिसला आणि मी उत्तर पाठवलं: ‘भरल असावा. हिमालयातला.’

ते उत्तर चुकीचं होतं. हिमालयाचं नाव बरोबर आलं, प्राणी चुकला, आणि तो का चुकला हे सांगायलाच हवं. मी फोटोत दिसणारा गुळगुळीतपणा शिंगाचा मानला. तो रंगाचा होता.

रविवारी वाड्यावर गेलो. त्याच दिवशी धनगर मामा आले होते. घराची करवीर तालुक्यात थोडी शेती आहे. दर वर्षी मामांचा कळप त्या रानात बसतो, लेंडीखतासाठी, आणि त्याचा हिशेब करायला ते येतात. आम्ही फळी खाली घेत होतो. दोघांना ती पेलवेना, म्हणून मामांनी हात लावला. शिंग बुडाशी दोन्ही तळव्यांत धरलं आणि तिथंच थांबले. मग बोटं वरून खाली, खालून वर फिरवली.

“सर, ह्ये गव्याचं न्हवं,” मामा म्हणाले. “गव्याचं शिंग हाताला गुळगुळीत लागतंय. ह्येला वळ्या हायत. रंगाखाली हाताला लागत्यात बगा. आन् ह्यो पीळ बगा की. एडक्याचं हाय ह्ये.” थोडं थांबून म्हणाले, “पर एवढा एडका कुणाच्या कळपात व्हता?”

मी बोटं फिरवली. दर दसऱ्याआधी कोणीतरी प्रेमाने काळा ऑइलपेंट मारत आलं होतं. पन्नास-साठ वर्षांचे थर साचून आडव्या वळ्यांमधल्या खाचा भरून गेल्या होत्या. डोळ्याला सपाट, पण बोटाला स्पष्ट. भरलाच्या शिंगाला अशा वळ्या नसतात, त्याचं शिंग खरोखरच गुळगुळीत असतं. मामांनी एका स्पर्शात माझं निदान मोडलं होतं आणि योग्य कुळापर्यंत, मेंढ्यांपर्यंत, आम्हाला आणून सोडलं होतं. पट्टणकोडोलीच्या जत्रेत टकरीचे एडके पाहिलेले हात होते ते.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण ‘भरल म्हणजे जंगली मेंढी’ असं पुस्तकांतही सापडतं. भरलाला निळी मेंढी म्हणतात, पण तो मेंढी आणि शेळी यांच्या सीमेवरचा प्राणी आहे. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी १९७३ मध्ये नेपाळच्या डोल्पो भागात भरलाच्या वागण्याचा अभ्यास केला आणि तो मेंढीपेक्षा शेळीच्या अधिक जवळचा असल्याचं सांगितलं. पुढच्या जनुकीय अभ्यासांचाही कल तिकडेच राहिला. भारतातल्या खऱ्या जंगली मेंढ्या दोन. एक शापू, सिंधू आणि श्योक नद्यांच्या खोऱ्यांतल्या उतारांवर राहणारी, इंग्रजीत युरियल. दुसरी न्यान, पूर्व लडाखच्या उंच उघड्या पठारावरची, साधारण साडेचार हजार मीटरच्या आसपास आणि त्याच्याही वर. ही जगातल्या सगळ्यात मोठ्या जंगली मेंढीची, अर्गालीची, तिबेटी शाखा. भरलाला लडाखी लोक नापो म्हणतात. तिथं ही तीन वेगळी नावं लहान पोरालाही येतात. आपल्याकडे तिन्ही एका ‘हरणा’त बसतात.

आता शापू की न्यान, हे ठरवायचं होतं. शिंप्याची टेप आणली. बाहेरच्या कडेने मोजलं तर उजवं शिंग ९८ सेंटिमीटर, डावं ९५. लांबीवर विसंबून चालत नाही, कारण मोठ्या शापूचं शिंगही बरंच लांब जातं. निर्णायक ठरला बुडाचा घेर: ४१ सेंटिमीटर. शापूचं शिंग त्यामानाने कितीतरी बारीक असतं, कोयत्यासारखं मागे वळतं आणि त्याच्या पुढच्या कडा धारदार लागतात. हे शिंग मांडीएवढं जाड होतं, मागे जाऊन खाली येत होतं आणि टोकाशी बाहेर फिरत होतं. फळीवर नुसती शिंगं नव्हती, डोळ्यांच्या खोबणींपर्यंतचं कवटीचं हाडही शाबूत होतं. खोबणीच्या पुढे हाडात बोटाचं पेर टेकेल असा खळगा होता. मेंढीच्या डोळ्यापुढे एक ग्रंथी असते, तिची ही जागा. शेळीत हा खळगा नसतो, भरलातही नसतो. एवढ्या एका खळग्याने माझ्या पहिल्या उत्तराचा उरलासुरला आधारही गेला.

न्यानच. प्रौढ नर.

मामांनी विचारलं, “किती वर्साचा आसंल?” धनगर एडक्याचं वय दातांवरून सांगतो, पण इथं दात नव्हते. शिंगांवर मात्र ते लिहिलेलं असतं. आडव्या वळ्या वेगळ्या आणि वर्षाची खूण वेगळी. हिवाळ्यात, माजाच्या हंगामानंतर चारा आटतो, शिंगाची वाढ थांबते आणि सगळ्या घेराभोवती एक खोल खाच पडते. दोन खाचांमधला भाग म्हणजे एक वर्ष. शिंगाच्या मागच्या बाजूला रंगाचे पोपडे उडाले होते, तिथं आम्ही टॉर्च लावून मोजलं. आठ खाचा. टोकाकडचे भाग वीतभर लांब, कपाळाकडे येता येता दोन बोटं, मग एक बोट. तरुणपणी शिंग झपाट्याने वाढतं, पुढे मंदावतं. दोन्ही टोकं झिजून बोथट झालेली होती, नराच्या शिंगाचं पहिल्या वर्षाचं टोक असं अनेकदा गळून जातं. म्हणून आठ मोजली की किमान नऊ धरायची. नऊ वर्षांचा न्यान म्हणजे ऐन भरातला नर, कळपात ज्याच्यापुढे बाकीचे मान खाली घालतात असा. आक्का खाटेवर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, “म्हंजी याचं सगळं वय इथं दारावर होतं, आणि आम्ही त्यावर रंग मारत आलो.”

फळी उलटी केली तेव्हा मागे पेन्सिलने, इंग्रजी अक्षरांत, दोन गोष्टी लिहिलेल्या सापडल्या: ‘लेह’ आणि ‘१९३१’.

दाजीपूरची कथा तिथंच संपली. सह्याद्रीत जंगली मेंढी नाही आणि नव्हती. आपल्याकडून सगळ्यात जवळचा नातेवाईक शोधायचा तर केरळ-तमिळनाडूच्या डोंगरातला नीलगिरी ताहर, जो दिसायला शेळीसारखा असला तरी जनुकांनी मेंढ्यांच्या जवळचा निघाला. पण तोही गोव्याच्या या बाजूला येत नाही. आक्का बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांना एक आठवण आली. नवी नवरी असताना त्यांनी सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेली: आबा तरुणपणी एका गोऱ्या साहेबाबरोबर ‘काश्मीरकडं’ गेले होते, पाणी प्यायचं तर आधी बर्फ चुलीवर ठेवावा लागे, आणि चार पावलं चाललं की छाती भरून येई. घरात ती आठवण वेगळी आणि शिंगं वेगळी राहिली होती. ब्रिटिश अधिकारी लांब रजा घेऊन लडाखला शिकारीला जात, सोबत माणसं नेत, आणि न्यानचं डोकं मिळवणं ही त्यांच्यात मोठी प्रतिष्ठेची गोष्ट होती. पठार उघडं, झाड नाही, आडोसा नाही, वारा फिरला की मैलभरावरून वास लागणारा प्राणी. भरल धोका दिसला की कड्यावर चढतो. न्यान पळतो, लांब पायांनी, मैलोन्‌मैल. म्हणून मोठ्या शिंगांचा म्हातारा नर हेरण्यात शिकाऱ्यांचे दिवसच्या दिवस जात.

त्या निवडीबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे. बाकी शिकारी प्राणी बहुतेकदा दुबळं, आजारी, लहान जनावर आधी उचलतात. बंदुकीचा माणूस मात्र नेमका सगळ्यात धडधाकट नर उचलतो. कॅनडात अल्बर्टामधल्या रॅम माउंटन इथं बिगहॉर्न मेंढ्यांची तीस वर्षांची मोजमापं तपासून २००३ मध्ये काही संशोधकांनी मांडलं की मोठ्या शिंगांचे नर सतत मारले गेल्याने पुढच्या पिढ्यांत शिंगांचा आकार आणि नरांचं वजन दोन्ही घटत गेलं. हा परिणाम किती मोठा, यावर नंतर वाद झाले. पण भिंतीवरचं शिंग जेवढं देखणं तेवढं त्या डोंगराचं नुकसान अधिक, हे मला त्या नऊ वर्षांच्या नराच्या कवटीवर हात ठेवल्यावर जसं जाणवलं तसं वर्गात शिकवताना कधी जाणवलं नव्हतं. आज भारतात न्यान पूर्व लडाख आणि उत्तर सिक्कीम एवढ्यातच उरली आहे, सगळी मिळून काहीशे.

मामांना हा आकडा खरा वाटेना. त्यांच्या एका भावकीत याहून जास्त बकरी आहेत (धनगर मेंढ्यांनाही बकरीच म्हणतात). त्यांनी विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटला: “तितं बकरी राखणारी माणसं न्हाईत का?” आहेत. चांगपा. ते पश्मिन्याच्या शेळ्या, मेंढ्या आणि याक घेऊन त्याच पठारावर फिरतात. ग्या-मिरू भागातल्या एका अभ्यासात दिसलं की पाळीव कळप आले की न्यान चांगली चराई सोडून चढाच्या, कमी गवताच्या जागी सरकतात आणि त्यांचा चरण्याचा वेळही घटतो. मामांनी मान हलवली. दुसऱ्याचा मेंढवाडा आधी येऊन बसला की आपण कुठल्या माळावर जातो, हे त्यांना कोणी समजावायची गरज नव्हती. मग रोगाचं बोलणं निघालं. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस ते दर वेळी कळपाला टोचून घेतात. त्यांना सांगितलं की २०१७ च्या सुमारास मंगोलियात हाच पीपीआर पाळीव कळपांतून जंगलात शिरला आणि सायगा नावाची हजारो हरणं त्यात मेली. मामा म्हणाले, “मग तितल्या बकऱ्यांस्नी टोचाय पायजे. जंगलातल्याला कोन धरून टोचनार?” पशुवैद्यकातले जाणकार बहुतेक हेच सांगतात.

एक समज मात्र मला दूर करावा लागला. मामांना वाटलं, हा आपल्या बकऱ्यांचा मूळ पुरुष. तसं नाही. दख्खनी काय, माडग्याळ काय, जगातली सगळी पाळीव मेंढरं पश्चिम आशियातल्या मुफ्लॉन या जंगली मेंढीपासून आली, साधारण दहा हजार वर्षांपूर्वी. मुफ्लॉन आणि पाळीव मेंढी दोघांची गुणसूत्रं ५४, न्यानची ५६, शापूची ५८. न्यान आपल्या बकऱ्यांचा आजा नव्हे, चुलत घराण्यातला. आणि त्याच्या अंगावर कातरायला लोकरही नसते. वर राठ केस, आत थंडीपुरती लव. घोंगडं विणता येईल अशी लोकर माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणलेली आहे.

इथवर प्राण्याचा प्रश्न सुटला होता. पण त्यानेच घरातला प्रश्न अवघड केला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे, ज्यांच्याकडे कायद्याआधीपासून संरक्षित प्राण्यांची शिंगं, कातडी, मढवलेली डोकी होती, त्यांनी ती मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाहीर करायची आणि मालकीचं प्रमाणपत्र घ्यायचं होतं. ज्यांचं राहून गेलं त्यांना २००३ मध्ये १८० दिवसांची आणखी एक संधी मिळाली. आक्कांच्या यजमानांनी त्या संधीतच अर्ज केला होता. वारसाने वस्तू आली तर वारसानेही नव्वद दिवसांत जाहीर करावी लागते, ते या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. प्रमाणपत्र हाती असलं तरी वस्तू विकता येत नाही. विकायला काढणं हाच गुन्हा. न्यान आणि गवा दोन्ही कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड आहे. मुंबईच्या व्यापाऱ्याचा विषय या एका वाक्यावर बंद झाला. तो बंद झाल्याचा मला आनंद आहे.

पंचगंगेचा पर्यायही फार वेळ टिकला नाही. अर्ज दप्तरी असलेली वस्तू नाहीशी झाली तर उद्या कोणी विचारल्यावर काय सांगणार? शिवाय जी वस्तू सांगण्यासारखं इतकं जवळ बाळगून आहे, ती गाळात घालायची हे मला सहनच होत नव्हतं.

खरा पेच थोरल्या मुलाने मांडला, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. “सर, कागद आहे. कागदावर गवा आहे, शिक्का आहे. तुम्ही न्यान म्हणालात की तो कागद आमचा राहत नाही. मग आमच्याकडे बिनकागदाची न्यानची शिंगं उरतात. तुम्ही बोलला नाहीत तर कोणाला कळणार आहे?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. चुकीचं नाव त्या घराला आडोसा देत होतं आणि बरोबर नाव मी दिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी एवढंच म्हणालो की मी लिहून देईन तर न्यानच लिहून देईन. पुढे काय करायचं ते घराने ठरवावं, आणि आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

ठरवलं आक्कांनी. “ह्यांनी फसवायचं म्हणून गवा लिहिलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “सासऱ्यांनी सांगितलं ते लिहिलं. उद्या मी गेल्यावर कोणी जाणता येईल, हा गवा नव्हे म्हणेल, आणि ह्यांचं नाव खोटं पडेल. मी आहे तोवर मीच सांगते.”

वकिलांनी मसुदा करून दिला, दीड पानाचा. शिंगं घरात कधीपासून आहेत, २००३ चा अर्ज कोणी आणि कोणत्या समजुतीने केला, आता ओळख कशी पटली, फळीमागची अक्षरं, मोजमापं, पाच फोटो, माझं लेखी मत. शेवटी विनंती: आम्हाला ती ठेवायची नाहीत, मोबदला नको, ताब्यात घ्यावीत, आणि शक्य असल्यास शिक्षणाच्या कामी द्यावीत. २०२२ च्या दुरुस्तीने प्रमाणपत्रधारकांना सात कामकाजाच्या दिवसांची सूचना देऊन वस्तू विनामोबदला परत करण्याची वाट करून दिली आहे. इथं प्रमाणपत्र नव्हतं, नुसता अर्ज होता, म्हणून त्या कलमावर भिस्त न ठेवता सगळी हकीकत सरळ सांगायची, असं वकिलांनी ठरवलं. मला ते पटलं. माझा आग्रह एकच होता, की तोवर रंग खरवडायचा नाही, पॉलिश करायची नाही, फळी बदलायची नाही. चांगलं दिसावं म्हणून केलेली सफाई पुरावा पुसते. त्या पेन्सिलीच्या दोन शब्दांवर कोणी ओलं फडकं फिरवलं असतं तर लेह गेलं असतं.

पत्र गेलं आणि वाट पाहणं सुरू झालं. मध्ये खंडेनवमी आली. शिंगं चादरीत गुंडाळून माजघरात ठेवली होती. आक्कांनी मला फोन करून विचारलं, यंदा माळ घातली तर चालेल का. घाला म्हणालो. नातवाने फोटो पाठवला: चादर थोडी बाजूला सारलेली, झेंडूची माळ, आणि या वर्षी रंगाचा डबा नाही.

सहा आठवड्यांनी वनखात्याचे लोक आले. घरातल्यांना वाटत होतं तसं काही झालं नाही. चहा झाला, वाड्यातल्या दोन शेजाऱ्यांना पंच म्हणून बोलावलं, टेप काढून त्यांनी स्वतः पुन्हा मोजलं. माझ्या मापात आणि त्यांच्या मापात एका सेंटिमीटरचा फरक आला, तोही त्यांनी नोंदवला. फळीमागच्या अक्षरांचा वेगळा फोटो घेतला. आक्कांचा जबाब झाला. त्यांनी बर्फ चुलीवर ठेवायची आठवणही त्यात लिहायला लावली.

पंचनामा लिहिणारा वनरक्षक तरुण होता, राधानगरीकडचा. ‘वस्तूचे वर्णन’ पाशी येऊन त्याने मान वर केली. “आजी, आधीच्या अर्जात गवा आहे. इथं काय लिहू?”

मी बोलणार होतो, पण आक्कांनी हात वर केला.

“न्यान,” त्या म्हणाल्या. “न ला य, वर काना, मग न. नर. वय नऊ. गाव लेह.”

त्याने लिहिलं, आणि पुन्हा वाचून दाखवलं.